शब्दचर्चा: 'स्टारी नाइट'ची रात्र तारांकित, चांदणी की चांदण्यांची?

मदत हवीये. डॉन मॅक्लीनचं 'व्हिन्सेंट' हे गाणं आमच्या गाण्याच्या ग्रुपसाठी मराठीत आणायचा प्रयत्न करतेय आणि पहिल्या ओळीतच आठवडाभर अडकलेय. बऱ्याच जणांना माहीत असेल, १९७१ च्या 'अमेरिकन पाय' अल्बममधलं, चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरचं. मॅक्लीन म्हणतो की त्याने व्हॅन गॉगचं चरित्र वाचलं आणि 'स्टारी नाइट' या चित्राची प्रत समोर ठेवून एका कागदी पिशवीवर गाणं लिहून काढलं. सुरुवातच चित्राच्या नावाने होते, त्यात 'स्टारी' दोनदा. डिक्शनरी ॲप 'तारांकित' देतं, पण तारांकित म्हटलं की मला विधानसभेतला प्रश्न आठवतो नाहीतर पंचतारांकित हॉटेल, रात्र काही दिसत नाही. मग 'चांदणी रात्र' केलं तर आई म्हणाली अगं ते चंद्राचं झालं. तिचं बरोबर आहे का? आणि दुसरं, कार्यक्रमपत्रिकेत 'व्हॅन गॉगच्या जीवनापासून प्रेरित' असं लिहायचंय, ते कसं वाटतं?

---

आईचं बरोबर आहे ताई. चांदणं म्हणजे चंद्राचा प्रकाश आणि चांदणी म्हणजे तारा, एकाच घरातले दोन शब्द पण आकाशात त्यांचं जमत नाही, कारण टिपूर चांदणं पडलं की चांदण्या फिक्या पडतात, अवसेच्या आसपास चांदण्या भरभरून दिसतात पण तेव्हा चांदणं नसतं. 'चांदणी रात्र' ऐकणाऱ्याला पौर्णिमाच दिसणार. म्हणून 'चांदण्यांची रात्र' म्हणा, अनेकवचन केलं की लगेच तारे होतात.

---

तारका चालेल का? तारकांची रात्र. गायला पण सोपं आहे.

---

तारका आता फक्त सिनेमातल्या उरल्यात हो, मला तरी तसंच ऐकू येतं.

मी चित्रकलेची विद्यार्थिनी, म्हणून चित्राच्या बाजूने थोडं सांगते. या चित्रात दोन्ही आहे, वर उजवीकडे चंद्रकोर आणि आकाशभर अकरा चांदण्या. ते जून १८८९ मधलं, फ्रान्सच्या दक्षिणेला सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयातलं, तिथे तो मे महिन्यात स्वतःहून दाखल झाला होता. खोलीची खिडकी पूर्वेला होती. भाऊ थिओला त्याने पत्रात लिहिलंय की सूर्योदयाच्या कितीतरी आधी खिडकीतून सगळा परिसर पाहिला आणि आकाशात फक्त पहाटेचा तारा होता, खूप मोठा दिसत होता. आता हा पहाटेचा तारा म्हणजे आपली शुक्राची चांदणी! शुक्राचा तारा पण म्हणतो आपण, पण माझी आजी कायम चांदणीच म्हणायची, पहाटे उठवताना म्हणायची शुक्राची चांदणी वर आली बघ. सुरूच्या झाडाच्या उजवीकडे तो जो सगळ्यात मोठा पांढरा गोळा आहे ना तो शुक्रच असं अभ्यासक मानतात. त्यामुळे माझं मत शंभर टक्के चांदण्यांना.

अजून एक, स्वतः व्हिन्सेंटने थिओला कळवताना या चित्राचं वर्णन 'ताऱ्यांच्या आकाशाचा नवा स्टडी', म्हणजे अभ्यासासाठी केलेलं चित्र, इतकंच केलं होतं. आम्ही कॉलेजात म्हणतो ना, आज एक स्टडी केला, तसंच. रात्र त्याने खिडकीतून पाहिली पण रंगवली दिवसा, खालच्या मजल्यावरच्या स्टुडिओत, आणि चित्रातलं गाव त्या खिडकीतून दिसतच नव्हतं, ते त्याने मनाने घातलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे चित्र ही सुद्धा आठवलेली रात्र आहे आणि मॅक्लीनने ८१ वर्षांनी १९७० मध्ये त्या आठवलेल्या रात्रीवरून गाणं केलं.

---

'जीवनापासून प्रेरित' नको. एकतर 'प्रेरित' शब्द सिनेसंगीतात इतका वापरलाय की लोकांना वाटतं चाल उचललीय. दुसरं म्हणजे 'प्रेरणा घेतली' म्हटलं की उसनं घेतल्यासारखं होतं. आपल्याकडे 'सुचणं' आहे की! 'त्याला गाणं सुचलं', बघा, यात 'तो' कर्ता नाहीच, गाणं कर्ता आहे, ते येतं आणि त्याला फक्त 'ला' लागतो. 'व्हॅन गॉगचं चित्र आणि चरित्र यांवरून सुचलेलं गाणं' असं लिहा. 'बेतलेलं' पण नको, बेतणं हे शिंप्याचं काम, मापाने कापड कापायचं. हे गाणं चित्राच्या मापाने कापलेलं नाही, त्यात पिकलेली शेतं येतात, ज्वाळांसारखी फुलं येतात, कष्टाने सुरकुतलेले चेहरे येतात, एकाच चित्रातून सुरू होऊन अख्ख्या माणसापर्यंत जातं.

आणि गाण्याचं नाव 'व्हॅन गॉग' नाही, 'व्हिन्सेंट' आहे, ते मराठीत तसंच ठेवा. तो चित्रांवर सहीच तेवढी करायचा, सूर्यफुलांच्या फुलदाणीवर बघा. मार्च १८८८ च्या पत्रात त्याने थिओला सांगितलं होतं की प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये माझं नाव कॅनव्हासवर आहे तसंच टाक, व्हॅन गॉग नको, कारण इथल्या लोकांना ते उच्चारता येत नाही. म्हणजे गाण्याचं नाव ही त्याची सही झाली. गाण्यात त्याच्याशी बोलताना आपसूक 'तू' येईल, येऊ द्या, विठ्ठलाला आपण अहो-जाहो करतो का?

---

सगळ्यांचे मनापासून आभार. 'चांदण्यांची रात्र' घेतलं, आणि दोनदा 'स्टारी'ची जागा 'चांदण्या चांदण्यांची रात्र' अशी भरली, गाऊन बघितलं तर चालीत थोडं दाटतं पण बसतं. सुचलेलं पण घेतलं.

आता पुढचं कडवं. त्यात 'सॅनिटी', म्हणजे मन ठिकाणावर असणं, आहे, आणि तो ते टिकवण्यासाठी किती सोसत होता असा अर्थ. शहाणपण म्हटलं तर ते भलतंच, अक्कल वाटते. आणि मराठीत 'वेड' इतकं गोड पण आहे, चित्रांचं वेड, गाण्याचं वेड, ते त्याला होतंच, ३७ व्या वर्षी गेला तोवर शेवटच्या दोन महिन्यांत सुद्धा साधारण दिवसाला एक चित्र केलं त्याने. त्यामुळे वेडाला वाईट म्हणावंसं वाटत नाही पण आजाराची वेदना तर यायलाच हवी.

---

'भान' बघा ताई. भान सुटतं, भान हरपतं, भान राखावं लागतं. चित्र काढताना हरपतं ते पण भान आणि आजारात सुटतं ते पण भानच.

---

काका, अंगावर काटा आला. 'भान राखण्यासाठी किती रे सोसलंस'. बसतंय चालीत, आत्ताच म्हणून पाहिलं.