लिथियम, तासगावचं ऊन आणि घरची माणसं

"गोळ्या चालू आहेत, मग घरच्यांनी आणखी काय करायचं?" असं बायपोलर असलेल्यांच्या घरचे विचारतात. माझ्या मामेभावाला बायपोलर (मन कधी अतिउत्साहाच्या भरात, कधी खोल उदासीत जाणारा आजार) आहे, तासगावकडे त्याची द्राक्षबाग आहे, म्हणून थोडी भर घालतो.

त्याला या आजारावर लिथियमच्या गोळ्या आहेत. लिथियमची रक्तातली पातळी ठरावीक मुदतीनं तपासावीच लागते. साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरमध्ये ठेवतात, १.५ च्या वर गेली की अंगावर येते. एप्रिलच्या उन्हात दिवसभर घाम गाळला, जुलाब लागले किंवा कुणाचं ऐकून मीठ एकदम तोडलं, तर रोजचाच डोस जड जातो. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसुद्धा पातळी वाढवते. हात जास्त थरथरले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला की तडक दवाखाना.

दुसरं, झोप. तो रात्री दोनला उठून नव्या ठिबकचा हिशोब मांडायला बसला की वहिनी सावध होतात. पाहुण्यांना मात्र वाटतं, गडी जोमात आहे! पण ती अतिउत्साहाची सुरुवात असू शकते, डॉक्टरांना फोन करायची वेळ तीच. मोठी रक्कम दोघांच्या सहीनंच काढायची, हे त्यानं स्वतःच बरा असताना ठरवलंय. भरात असताना असलं काही सुचवाल तर भांडणच होईल.

अडीनडीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.