मदत हवी आहे: कामगारांचा पगार थकलाय आणि मंडळीला (चर्चला) दिलेलं वचनही बाकी आहे. आधी काय फेडू?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी नगरचा. एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर पावडरचा रंग भाजून चढवण्याचं, छोटं वर्कशॉप आहे. एक ओव्हन, दोन गन, सात माणसं. गेले आठ दिवस झोप लागत नाही म्हणून इथे लिहितोय. ख्रिस्ती वाचकांनी तर सांगावंच, पण जे ख्रिस्ती नाहीत आणि स्वतः धंदा करतात त्यांनीही मोकळेपणाने बोलावं. माझ्या सात माणसांत ख्रिस्ती दोघेच आहेत. बाकीच्यांना माझ्या दशमांशाशी, देवासाठी काढलेल्या दहाव्या भागाशी, काय देणंघेणं?

माझे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. पगाराच्या दिवशी आई आधी दहावा भाग मोजायची, साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, आणि मगच किराण्याची यादी निघायची. महिनाअखेरीला दुधाचे पैसे नसले तरी त्या डब्याला कुणी हात लावला नाही. मी त्याच डब्याच्या शिस्तीत वाढलो. २०१६ मध्ये वर्कशॉप टाकलं तेव्हापासून दर महिन्याला दशमांश दिलाय, एकदाही चुकवला नाही.

या जानेवारीत मंडळीच्या छताचं काम निघालं. पत्रे गळत होते, मागच्या पावसात ऑर्गनवर प्लास्टिक टाकून उपासना झाली होती. मी उभा राहून दीड लाखाचं वचन दिलं. तेव्हा काम जोरात होतं आणि देण्याचा आनंद खरोखर झाला होता. ते खोटं नव्हतं.

मेपासून एका मोठ्या गिऱ्हाईकाने बिलं अडकवली. आज ६ लाख ४० हजार येणं आहे, चार महिने होऊन गेले. फोन केला की "पुढच्या आठवड्यात बघू". बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाची मर्यादा संपत आली आहे. ऑगस्टचा पगार मी अर्धाच वाटला. सप्टेंबरचा अजून एक रुपया दिलेला नाही. सगळे मिळून १ लाख ६५ हजार मी कामगारांचे देणं लागतो.

आता माझी चूक सांगतो. ज्या आठवड्यात अर्धा पगार वाटला, त्याच आठवड्यातल्या रविवारी मी छतासाठी ५० हजारांचा चेक दिला. मनात हिशेब असा की देवाचं आधी, माणसांचं येईल तसं.

गेल्या रविवारी सेक्रेटरींनी छताच्या देणगीदारांची यादी वाचली. माझं नाव दुसरं होतं. माझा एक हेल्पर त्याच मंडळीत येतो. तिसऱ्या बाकावर बायको आणि मुलीसोबत बसला होता. यादी वाचून झाली, गीत सुरू झालं, दानाची पिशवी फिरत त्याच्यापर्यंत आली. त्याने शर्टाच्या खिशातून दहाची नोट काढली, चार घड्या केलेली, ती अंगठ्याने उलगडून सपाट केली आणि पिशवीत टाकली. उपासना संपल्यावर दारात माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सलाम मालक." एवढंच. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आईचं म्हणणं ठाम आहे: बायबलमधल्या उपदेशक ५ मध्ये लिहिलंय की देवाला केलेला नवस फेडायला उशीर लावू नको, नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. बायबलमधल्या सारफथच्या गरीब विधवेनेही मूठभर पिठातून आधी एलीया संदेष्ट्यासाठी भाकर केली, मग मुलासाठी. तिचं पीठ सरलं का? आई ७८ वर्षांची आहे आणि हे सगळं ती जगलेली आहे, तिला उलट उत्तर कसं देऊ?

पण लेवीय १९:१३ ही त्याच शास्त्रात आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. मी तर दीड महिना ठेवलीये.

छताच्या पुढच्या हप्त्यासाठी ७० हजार वेगळ्या खात्यात बाजूला काढलेले आहेत. नाताळपर्यंत एक लाख पुरे करायचे आहेत. दिवाळी तोंडावर आहे. त्या ७० हजारांना हात लावू का? वचन पुढे ढकललं तर ते देवाला फसवणं होईल का? आणि दशमांश मी आजवर जमा झालेल्या एकूण पैशांवर काढत आलो (वडिलांच्या पगारासारखा), ते तरी बरोबर आहे का?

प्रतिसाद, वसईहून

भाऊ, आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दहावा भागच दिला पाहिजे असा दंडक नाही. धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) गरजा भागवायला हातभार लावणं कर्तव्य आहे, पण आकडा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. त्यामुळे दशमांशाबद्दल मी बोलत नाही.

मजुरीबद्दल मात्र आमच्या धर्मशिकवणीत अजिबात गुळमुळीतपणा नाही. स्वर्गाकडे ओरडून दाद मागणारी जी पापं सांगितली आहेत, त्यांत भावाने मारलेल्या हाबेलचं रक्त ज्या यादीत आहे त्याच यादीत मजुराची अडवलेली मजुरी आहे. १८९१ मध्ये पोप तेराव्या लिओंनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं, त्यातही हेच ठणकावून सांगितलंय, आणि त्यासाठी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे केलाय: तुमची शेतं कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे.

आणि बायबलमधलं मार्क ७ काढून बघा. आईबापांना जे द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशू काय म्हणाला? देवाला दिलं म्हणून माणसाचं देणं फिटत नाही. तुमच्या आईंना हा उतारा तुम्ही स्वतः वाचून दाखवू नका, वाद वाटेल. पाळकांना घरी बोलवा.

प्रतिसाद, हिशेबाचं काम करणाऱ्याकडून

मी हिंदू आहे, वचनाचं तुमचं तुम्ही ठरवा. हिशेबाचं सांगतो.

तुमच्या वडिलांच्या हातात पडायचा तो सगळा त्यांचाच पैसा होता. तुमच्या खात्यात येतो त्यात जीएसटी सरकारचा, पावडरचे पैसे सप्लायरचे, गॅस, वीजबिल, व्याज, आणि पगार. हे सगळं गेल्यावर उरतं ते तुमचं. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पैशाचाही दहावा भाग देत आलात. श्रद्धा मोठी, पण धंद्यात खेळतं भांडवल का राहत नाही त्याचं एक कारण हेही असू शकतं. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत देणं हे कायद्यानेच बंधनकारक आहे, ती सवलतीची गोष्ट नाही.

आता ६ लाख ४० हजारांचं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? काम देण्याआधीची असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याखाली गिऱ्हाईकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अशा थकबाकीची सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत मोठ्या कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की त्यांच्याच अकाउंट्सला घाम फुटतो. आधी एक सभ्य पत्र पाठवा, त्यात बिल नंबर, तारखा, कायद्याचा उल्लेख. तुम्ही फोनवर विनवण्या करताय, ते कागदाला घाबरतात.

प्रतिसाद, पुण्याहून

माझे वडील बेकरीत कामगार होते. मालक भला, देवळाला, शाळेला सढळ हाताने द्यायचा, आणि आमचा पगार मात्र कधीच वेळेवर नाही. आई वाण्याकडे मला पाठवायची, कारण लहान पोरीला तो नाही म्हणत नसे. ती वही मला अजून आठवते. उधारीचं पान उघडताना वाणी बोटाला थुंकी लावायचा. म्हणून तुमच्या हेल्परच्या "सलाम मालक"मध्ये काय होतं ते मला माहीत आहे.

आम्ही मेथडिस्ट. आमच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचं पैशाच्या वापरावरचं प्रवचन आमच्याकडे "कमवा, वाचवा, द्या" एवढ्यावर उरकतात. पण त्यात पुढे त्यांनी क्रम लावून दिलाय. आधी स्वतःच्या गरजा, मग बायको, मुलं आणि नोकरचाकर, मग उरलं तर विश्वासणारे, मग सगळी माणसं. नोकर घरच्यांच्या रांगेत आहेत, दानाच्या नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. सारफथच्या विधवेची गोष्ट मलाही फार प्रिय आहे. पण त्या मडक्यातलं पीठ तिचं स्वतःचं होतं. तुमच्या त्या ७० हजारांच्या खात्यातलं पीठ कुणाचं आहे?

मूळ धागाकर्ता, दोन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या ताईंचं शेवटचं वाक्य मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला विचारून वचन दिलं होतंस का?" आणि उठून आत गेली.

७० हजार काढले. मुलाच्या नावाची आरडी मोडून ६० हजार आले. शनिवारी संध्याकाळी ओव्हन बंद केल्यावर सातही जणांना बसवलं, हजेरीची वही मधे ठेवली, कुणाचं किती आहे ते मोठ्याने वाचलं. सप्टेंबरात देवळाला चेक दिला तेही सांगितलं आणि माफी मागितली. राहिलेले ३५ हजार दिवाळीच्या आत देईन असं प्रत्येकाच्या पानावर लिहून सही केली. हेल्परने पाकीट उघडून मोजलं आणि विचारलं, "मालक, पाचशेचे सुट्टे आहेत का? दशमांश वेगळा काढून ठेवतो." माझ्याकडे सुट्टे नव्हते. समोरच्या टपरीवरून आणून दिले.

पाळक म्हणाले, छत थांबेल. यापुढे नावं वाचायची नाहीत असंही त्यांनी कमिटीत मांडलंय. सेक्रेटरींना ते पटलेलं नाही, आकडा जाहीर झाल्यावर मागे कसं जाता असं ते विचारतात, आणि त्यांचंही चूक नाही, पत्रेवाल्याला त्यांनी शब्द दिलाय.

गिऱ्हाईकाला पत्र गेलं. उद्यम नोंदणी २०२१ ची आहे. परवा त्यांच्या परचेसमधून फोन आला, "एवढं लिहायची काय गरज होती, पुढचं काम हवंय ना?" त्यांच्याकडून माझं निम्मं काम येतं. हिशेबवाल्या दादांना विचारायचंय: त्या पोर्टलवर तक्रार टाकल्यावर त्याच गिऱ्हाईकाचं काम चालू राहिलेलं कुणाचं पाहिलंय का? आणि कुणी पाळक हे वाचत असतील तर उपदेशक ५ बद्दल अजून उत्तर हवं आहे. एक लाखाचं वचन मी सोडलेलं नाही. पण ते नाताळला फेडता येणार नाही हे देवाला सांगायचं, तर कोणत्या शब्दांत सांगायचं?