छाटणीची कात्री कोणाच्या मुठीला बेतायची?

द्राक्षबाग_निफाड: ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळं धरायला करतात ती) नुकतीच उरकली. एका बाईचा अंगठा तिसऱ्याच दिवशी सुजला. कात्री पूर्ण उघडली की तिची बोटं दांडीला नुसती टेकायची, पकड बसायचीच नाही, मग ती दोन्ही हातांनी दाबायची. माझं स्पष्ट मत आहे, अवजार बनवायच्या आधी वापरणाऱ्यांच्या हाताची ताकद मोजलीच पाहिजे. आणि सरासरी धरून चालणार नाही, बायकांची पकड पुरुषांच्या ६० टक्क्यांच्या आसपास असते, त्यातही जिची सगळ्यात कमी तिला जमेल अशी कात्री हवी.

टूलरूमवाला: ताई, नाही पटत. डायनामोमीटरवर, म्हणजे मुठीचा जोर मोजायच्या यंत्रावर, खुर्चीत बसून, कोपर काटकोनात, मनगट सरळ ठेवून तीनदा जीव खाऊन दाबायचं असतं. बागेत असं कोण दाबतं? हात मांडवाला वर, मनगट वाकलेलं, वाकलं की पकड उतरतेच, आणि हे दिवसभर. त्या किलोच्या आकड्याचं मी काय करू? पातं बोथट असेल तर पैलवानाचाही हात भरून येईल. आधी धार बघा.

फिजिओ_पुणे: धार हवीच, पण म्हणून मोजमाप फुकट कसं? जमार डायनामोमीटरला दांडी जवळ-दूर सरकवायच्या पाच जागा असतात. बहुतेकांची ताकद दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर जास्त भरते, पाचवीला, म्हणजे दांडी सगळ्यात दूर सरकवलेली असताना, आकडा घसरतो. त्या बाईंचं तेच झालंय, हातात जोर आहे पण कात्री तो लावूच देत नाही. धारेने हे कसं सुटणार?

टूलरूमवाला: दांडी जवळ घेतली की पात्याचं तोंड कमी उघडतं, जाड लाकूड आत बसत नाही. मग शेतकरीच कात्री परत आणून देतो, हे मी भोगलंय.

द्राक्षबाग_निफाड: अहो दादा, गोडी छाटणीची काडी पेन्सिलीएवढी असते! तिला एवढं तोंड कशाला? जाड लाकडाला वेगळी कात्री असू दे. चपलेत नंबर मिळतात, कात्रीत का नाही? मजुरी बाईची, दुखणं बाईचं आणि माप मात्र गड्याच्या पंजाचं, हे मला मान्यच नाही.

टूलरूमवाला: बरं, मग खुर्चीतला आकडा नको. कात्रीच्याच दांडीला ताणकाटा लावून दहा-बारा जणींचा जोर मोजा, सकाळी एकदा आणि चार वाजता एकदा, मांडवाखाली उभं राहून. तो आकडा द्या, दांड्यांमधलं अंतर कमी करून दाखवतो. धारेचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.