परासरण: नुसता संहतीतला फरक पुरत नाही

मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना सुटतं ते पाणी परासरणाचं, म्हणजे पातळ पडद्यातून कमी मीठ-साखरेच्या बाजूकडून जास्तीच्या बाजूकडे जाणारं, असं एक स्पष्टीकरण वाचलं, ते पटलं. पण त्यातलं ‘दोन्हीकडच्या संहतीत (द्रावणाच्या तीव्रतेत) फरक असला की झालं’ हे अर्धंच आहे. मधलं प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, शाबूत लागतं, आणि शिकवताना नेमकं तेच मागे पडतं.

गेल्या सुट्टीत मुलीबरोबर बटाट्यांवर करून पाहिलं. दोन कच्चे, एक उकडलेला. तिन्हींची बुडाकडची साल काढली, वरून चमच्याने खळगा कोरला आणि ताटलीत बोटभर पाण्यात उभे केले. एका कच्च्यात आणि उकडलेल्यात चमचाभर साखर घातली, दुसरा कच्चा तसाच रिकामा ठेवला. तीन-चार तासांनी साखरेच्या कच्च्या बटाट्याचा खळगा पाकाने भरत आला होता. रिकामा कोरडाच राहिला. उकडलेल्यात साखर ओली झाली, पण पाणी काही चढलं नाही. उकडताना पटल नासतं, मग साखरही सहज आरपार जाते आणि पाणी एकाच बाजूला ओढलं जात नाही. मुलीने ‘निवडक्षम’चा (ठरावीकच पदार्थ आरपार जाऊ देणाऱ्या पटलाचा) अर्थ मला त्या उकडलेल्या बटाट्याकडे बोट दाखवून सांगितला. वर्गात कच्चा बटाटा दाखवत असाल, तर शेजारी उकडलेला जरूर ठेवा.