बुसा भाषेत मजकूर हवा, की हौसावर भागेल?

नदीकाठ:
नायजेरियाच्या पश्चिमेला, बोर्गू भागात नायजर नदीकाठी बुसा बोलतात, बेनिनमध्येही बोलतात. बाजारात हौसा ही त्या भागातली मोठी व्यवहारभाषा चालते, सरकारी कागद इंग्रजीत. आरोग्याची माहिती, मोबाइलवरचे व्यवहार, शाळेची पुस्तकं थेट बुसात यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. १९६०च्या दशकात काइंजी धरणाखाली जुनं बुसा गाव बुडालं, त्या प्रकल्पात सुमारे ४४ हजार माणसं विस्थापित झाली. देशाला वीज मिळावी म्हणून ज्यांनी गाव सोडलं, त्यांच्या भाषेसाठी एवढाही खर्च जड वाटावा?

शशांक_प:
विस्थापितांचं देणं आहेच, पण ते असं फिटत नाही. भाषांतर एकदा करून संपत नाही. लसीकरणाचं वेळापत्रक बदललं की इंग्रजी आणि हौसातली पत्रकं बदलतील. बुसातलं कोण बदलणार? जुनी माहिती लोकांच्या हातात राहिली तर त्यात मुलांचा जीव धोक्यात. त्यापेक्षा हौसातलंच सोपं आणि नेटकं करा.

नदीकाठ:
बाजारापुरती हौसा येणं वेगळं. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तर काय करायचं, हे सासूला आणि सुनेला एका दमात कळलं पाहिजे. पत्रक जुनं होण्याची भीती खरी आहे, पण मग ते सांभाळायला तिथलीच माणसं पगारावर नेमा. भाषाच वगळणं हा त्यावरचा उपाय कसा?

मुग्धा:
दोघंही छापील मजकूर धरून बोलताय. बुसात सूर बदलला की अर्थ बदलतो. सुरांच्या खुणा गाळून छापलं तर सराईत वाचकही अडखळेल. आधी रेडिओ आणि ध्वनिमुद्रण, मग छपाई. आणि यंत्रानं भाषांतर करू म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: बुसातला सर्वात मोठा लिखित मजकूर बायबलचा, आणि समाज बहुतांशी मुस्लिम. त्यावर शिकलेलं यंत्र जुलाबाच्या औषधाबद्दलही धर्मग्रंथाच्या भाषेत बोलेल. ते ऐकून लोक दुरावतील.

शशांक_प:
ध्वनिमुद्रण मला मान्य. शालेय पुस्तकांना मात्र विरोध कायम. २०२२मध्ये सरकारनं प्राथमिकला मातृभाषेचं धोरण आणलं आणि २०२५मध्ये मागे घेतलं. अशा धरसोडीत बुसाची पुस्तकं छापून ठेवायची कुणासाठी?

नदीकाठ:
धोरण फिरलं म्हणून पहिलीतलं मूल घरून इंग्रजी शिकून येत नाही. पुस्तक तयार असेल तर शिक्षक ते वापरतील, धोरण असो वा नसो. मुग्धा, रेडिओ आधी हे पटलं. पण त्या संहिता सुरांच्या खुणांसकट लिहून जपा. पुस्तकं त्यातूनच निघतील.