‘उतरता क्रम’, ‘चय’ आणि ‘पर्यंत’

प्रश्न : प्रोग्रामिंगच्या एका साधनसंग्रहाची माहितीपुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. त्यात कितीही मोठ्या पूर्णांकांची, वरून खाली येणारी मालिका तयार करून देणारे एक फंक्शन आहे. त्यासाठी ‘अवरोही क्रम’, ‘उतरता क्रम’ आणि ‘घटती श्रेणी’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर १ : ‘अवरोही क्रम’ हिंदी पाठ्यपुस्तकांतला आहे, मराठी कानाला अवरोह म्हटले की राग आठवतो. ‘श्रेणी’ला आज गुणपत्रिकेतल्या ‘अ श्रेणी’चा अर्थ चिकटला आहे. ‘उतरता क्रम’ सर्वांना समजतो, पण शाळेत आपण हाती असलेल्या संख्या उतरत्या क्रमाने लावतो, आणि इथे तर एकही संख्या आधी हाती नसते. म्हणून मी ‘उतरती क्रमिका’ (क्रमिका म्हणजे ठरावीक नियमाने एकामागून एक येणाऱ्या संख्या) म्हणेन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) श्रेढीव्यवहारात, म्हणजे अशा क्रमिकांच्या प्रकरणात, पहिल्या पदाला ‘आदि’, दर पदाच्या वाढीला ‘चय’ आणि पदसंख्येला ‘गच्छ’ म्हटले आहे. त्यातला ‘चय’ ऋण घेतला की आपली क्रमिका मिळते.

मात्र खरी अडचण ‘पर्यंत’ या शब्दाची आहे. ‘सोमवारपासून शुक्रवारपर्यंत’ म्हटले की मराठी माणूस शुक्रवार धरतोच. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत रेंज या फंक्शनला आरंभ १०, शेवट ० आणि चय -१ दिला तर मालिका १ वरच थांबते, ० येत नाही. कॉटलिन या दुसऱ्या भाषेत ‘१० डाउनटू ०’ लिहिले तर शून्यही येतो. दोन्हींचे वर्णन ‘१० पासून ० पर्यंत’ असे केले, तर वाचणाऱ्याचा हिशेब एका पदाने चुकणारच. म्हणून ‘० धरून’ किंवा ‘० वगळून’ असे प्रत्येक ठिकाणी लिहावे, असा माझा आग्रह आहे.

उत्तर २ : ‘पर्यंत’विषयी पूर्ण सहमत आहे. ‘चय’ मात्र आज ‘चयापचय’ सोडल्यास फारसा कानावर पडत नाही. ‘पायरी’ म्हणावे, कारण पायरी चढताही येते आणि उतरताही येते.

वर्णनातून ‘कितीही मोठ्या’ हे शब्द गाळू नयेत, अशीही विनंती आहे. जावास्क्रिप्ट या भाषेच्या साध्या संख्याप्रकारात ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक साठवता येत नाही. ९००७१९९२५४७४०९९६ मधून १ वजा केला, तर ...९९५ साठवण्याची सोयच नसल्यामुळे उत्तर पुन्हा ...९९६ हेच येते, आणि क्रमिका एकही पायरी न उतरता त्याच जागी अडकून राहते. ‘बिगइंट’ हा प्रकार वापरला की ...९९५ बरोबर मिळतो. तेव्हा ‘कितीही मोठ्या’ हे शब्द म्हणजे फंक्शनने वापरणाऱ्याला दिलेली हमी आहे.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. पुस्तिकेत आता असे वाक्य घालतो : ‘हे फंक्शन कितीही मोठ्या पूर्णांकांची उतरती क्रमिका देते, आरंभीची संख्या धरली जाते, शेवटची वगळली जाते, आणि पायरी ऋण असावी लागते.’