मुंबई शिस्तीची, दिल्ली दांडगट, पुणे खवचट? जरा मीटर बघून बोला

फलाट_चार:
"मुंबईकर जात्याच शिस्तीचा, दिल्लीकर दांडगट, पुणेकर खवचट." काल कुणीतरी हे टाकलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. शहराचा स्वभाव पत्रिकेत लिहून येत नाही हो. मुंबई म्हणजे समुद्रात घुसलेली चिंचोळी पट्टी. सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यात उतरायचं तर एक-दोन स्टेशनं आधीच दाराकडे सरकावं लागतं, पुढच्याला "अंधेरी?" विचारावं लागतं. नाही विचारलं तर बसा बोरिवलीपर्यंत. ही गर्दीनं लावलेली सवय आहे, संस्कार नव्हेत. हाच शिस्तप्रिय माणूस संध्याकाळी चर्चगेटला गाडी थांबायच्या आत खिडकीसाठी उडी मारतो आणि विरार फास्टमध्ये बोरिवलीवाल्याला चढू देत नाही. उलट तो दांडगट दिल्लीकर मेट्रोच्या फलाटावर आखलेल्या खुणांमागे रांग लावतो.

खारा_वारा:
दिल्लीच्या राजीव चौक मेट्रो स्टेशनात संध्याकाळी साडेसहाला ती रांग दाखवा, मग बोलू. आणि रिक्षाचं काय? अंधेरीत हात दाखवा, बसा, मीटर पडतं. दिल्लीत, चेन्नईत, तुमच्या त्या पुण्यात आधी घासाघीस. हा स्वभाव नाही तर काय?

दरपत्रक:
हा दर आहे, स्वभाव नाही. मुंबईत फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये, पुढे किलोमीटरला 17.14. दिल्लीत जानेवारी 2023 ला ठरलेला दर पहिल्या दीडला 30, पण पुढे फक्त 11. चेन्नईत 2013 साली ठरलं: 1.8 किलोमीटरला 25, पुढे 12. आणि ते वर्षानुवर्षं तसंच ठेवलं. आता आठ किलोमीटरचा हिशेब मांडा. मुंबईत 137 रुपये, दिल्लीत साधारण 102, चेन्नईत 100 सुद्धा नाहीत. दशकापूर्वीच्या दरात मीटर टाकायला चेन्नईचा रिक्षावाला काय संत आहे? अंधेरीवाल्याला हाच दर द्या, तोही "कितना दोगे" म्हणेल.

हुगळीकाठ:
कोलकात्यात रिक्षाला मीटरची भानगडच नाही. ठरलेला मार्ग, माणशी ठरलेलं भाडं, चौथा चालकाशेजारी अर्धा बाहेर. तिथे भांडण भाड्यावरून होत नाही, सुट्ट्या पैशांवरून होतं. मोठी नोट काढलीत की तुमचा स्वभाव चालकच सांगतो.

खारा_वारा:
बरं, चेन्नईवाल्याची जाहीर माफी. हार पाठवू का? आपल्याकडे निदान मीटर खरं असतं.

दरपत्रक:
असतं का? दर बदलला की प्रत्येक मीटर नव्या दरावर लावून घ्यावं लागतं. लाखो गाड्या, त्यामुळे महिनोन्‌महिने जुनं मीटर आणि हातात टॅरिफ कार्ड. ते कार्ड झेरॉक्स असेल तर आकडे स्वतः पडताळा. सोपी खूण सांगतो. नव्या दरावर लावलेलं मीटर दीड किलोमीटरपर्यंत 26 वरच राहायला हवं आणि पाच किलोमीटरला 86 दाखवायला हवं. सिग्नलला उभे राहिलात तर थांबण्याचे पैसे चढतात, म्हणून ही तपासणी सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर करा. मध्यरात्री ते पहाटे पाच करू नका, तेव्हा सव्वापट लागतं आणि हिशेब चुकतो. मोकळ्या रस्त्यावर किलोमीटरभरातच 26 चा आकडा हलला तर मीटर पळतंय. आणि हो, वांद्रे स्टेशनबाहेर बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांकडे, मीटरने येणारा शोधून दाखवा. तिथे शेअरमध्ये जास्त मिळतात, मग तुमचा तो स्वभाव कुठे जातो?

काळी_पिवळी:
माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. तुम्ही मघापासून उपनगरांबद्दल बोलताय आणि त्याला मुंबई म्हणताय.

खारा_वारा:
आले, दक्षिण मुंबईचे जहागीरदार आले. आता पुण्याचं सांगा, दरपत्रक. पुण्यात पहिल्या दीडला 25, पुढे 17. म्हणजे जवळजवळ आपलाच दर. आठ किलोमीटरला 136 च्या आसपास. तरी मीटर का पडत नाही? इथे तरी खवचटपणा मान्य करा.

पेठेतला:
तुमच्याकडे दर दोन-तीन किलोमीटरला लोकलचं स्टेशन. बहुतेक भाडी तिथेच जातात किंवा तिथून निघतात, त्यामुळे सोडलं की पुढचं गिऱ्हाईक उभंच. पुण्यात रात्री उंड्रीला किंवा हिंजवडीला सोडलं की येताना गाडी रिकामी. गॅस दोन्ही वेळा जळतो, मीटर एकाच वेळचं देतं. म्हणून तो रिटर्न मागतो. शिवाय इथे घरटी दुचाक्या, रिक्षाला हात करणारा रोजचा नसतो, अडलेला असतो. त्याच्याकडून कुणीही जास्त मागेल. मागणं चूकच आहे, पण कारण आहे.

फलाट_चार:
म्हणजे मी पहिल्या परिच्छेदात म्हटलं तेच. कुणीतरी कबूल करा.

खारा_वारा:
अर्धं कबूल. दिल्लीबद्दल नाही. पण पेठेतले, एक राहिलंच. उंड्रीचं समजलं. नारायण पेठेतून शेजारच्या शनिवार पेठेत जायलाही तो नाही म्हणतो. तिथे कुठलं रिटर्न?

पेठेतला:
तेवढ्यासाठी रिक्षा कशाला लागते? चालत जा.